बर्क स्ट्रीटची फेरी: कामाच्या नोंदी

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

मराठी शाळेच्या पालक मीटिंगमध्ये मी नेहमीसारखं तोंड उघडलं आणि काम गळ्यात पडलं. ऑक्टोबरात भारतातून आलेले आजी-आजोबा आणि शाळेतली मोठी मुलं यांना घेऊन मेलबर्न सिटीत दीड तासाची पायी फेरी काढायची, पूर्ण मराठीतून. विषय मीच सुचवला, बर्क स्ट्रीट ज्याच्या नावाने आहे तो माणूस. कारण एवढंच की आठ वर्षं मी सदर्न क्रॉस स्टेशनला उतरून त्याच रस्त्यावरून ट्रामने ऑफिसला जातेय आणि हा बर्क कोण हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं वाळवंटात जाऊन मेला तोच असेल.

तो हा नाही. वाळवंटातला तो रॉबर्ट ओ'हारा बर्क, १८६१ मध्ये गेला, तोही आयरिशच. आपला सर रिचर्ड बर्क, जन्म डब्लिन १७७७, सैनिक, मग दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनीचा कारभारी, मग १८३१ ते १८३७ न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. इंग्रजीत दोघांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे म्हणून तिकडे भागतं, देवनागरीत दोन्ही बर्कच, आता काय करायचं.

रविवार, ३ ऑगस्ट

बर्क वाढत चाललेत. वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला चालवणारा एडमंड बर्क हा आपल्या बर्कचा लांबचा नातेवाईक. शिवाय १८७२ मध्ये अंदमानात शेर अली आफ्रिदीने ज्या लॉर्ड मेयोला मारलं, त्या व्हाइसरॉयचं खरं नाव काय? रिचर्ड बर्क. जन्म डब्लिन. कपाळाला हात लावला.

वहीत नावं पाडून घेतली: आपला बर्क, हेस्टिंग्जवाला बर्क, अंदमानवाला बर्क, वाळवंटातला बर्क. फेरीत पण हेच म्हणणार, मुलांना आवडेल.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज पूर्वार्ध लिहून काढला. ऑक्सफर्डला शिकत असताना सुट्टीत हा बीकन्सफील्डला हेस्टिंग्जवाल्या बर्ककडे जाऊन राहायचा. म्हणजे वीस वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा, आणि जेवणाच्या टेबलावर बंगालमध्ये कंपनीने काय लूट केली याची चर्चा. पुढे म्हातारपणी त्याने आणि लॉर्ड फिट्झविल्यमने मिळून त्या बर्कचा पत्रव्यवहार संपादित करून छापला, १८४४ मध्ये, चार खंड. म्हणजे संस्कार वरवरचे नव्हते असं मी धरून चाललेय.

१७९८ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या गार्ड्स पलटणीत भरती आणि दुसऱ्याच वर्षी हॉलंडच्या मोहिमेत, बर्गनच्या लढाईत, गोळी जबड्यातून आरपार. वाचला, पण बोलण्यात दोष राहिला तो कायमचा. हे वाचून मी थोडी थांबले. पुढे आयुष्यभर ज्याला सभेत उभं राहून कायदे मांडायचे आहेत त्याचा जबडाच बावीसाव्या वर्षी फुटलाय. याचं लिखाण मात्र लांबलचक आणि धारदार, लंडनला पाठवलेले खलिते बघितले की कळतं, तोंडाची कसर कागदावर भरून काढलेली दिसते (हे माझं मत, इतिहासकारांच्या नावावर खपवायचं नाही).

मग माँटेव्हिडिओ आणि ब्वेनोस आयरेसची फसलेली मोहीम, मग नेपोलियनविरुद्ध स्पेन, स्पॅनिश चांगलं यायचं म्हणून तिथे उपयोग. हे सगळं फेरीत एका वाक्यात उरकणार, आजोबा लोक नेपोलियनमध्ये शिरले की बाहेर येत नाहीत. युद्ध संपल्यावर आयर्लंडात लिमरिकजवळ थॉर्नफील्ड नावाची इस्टेट, बायको एलिझाबेथ, मुलंबाळं, शेती. साधारण दहा वर्षं निवांत जमीनदारी. पैशाची ओढाताण असणार, नाहीतर पन्नाशीजवळ आलेला माणूस कशाला उठून आफ्रिकेत नोकरी धरेल.

बुधवार, १३ ऑगस्ट

घोळ. हँडआउटचे ४० कलर प्रिंट काढून आणले, घरी येऊन बघते तर वर मोठ्या दाढीमिशीवाला भारदस्त गृहस्थ. अंदमानवाला बर्क! चूक सर्वस्वी माझी, नाव टाकलं, पहिला फोटो उचलला. आपला बर्क १८५५ मध्ये गेला, त्याचं जे काही आहे ते रंगवलेलं चित्र नाहीतर पुतळा. ४० प्रिंटच्या मागच्या बाजूला आता लेकाची गणितं चालू आहेत.

रविवार, १७ ऑगस्ट

केपचं प्रकरण. हे मला सगळ्यात आवडलं, त्यामुळे जपून लिहायला हवं.

१८२५ मध्ये बर्कला केप कॉलनीच्या पूर्व भागाचा लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून पाठवलं आणि १८२६ पासून पूर्ण केपचा हंगामी कारभार त्याच्याकडे आला. तिथले मूळचे खोइखोइ लोक, गोरे त्यांना जे नाव ठेवायचे ते मी वापरणार नाहीये, ते कागदोपत्री गुलाम नव्हते पण १८०९ च्या नियमांनुसार त्यांना ठरलेला पत्ता हवा आणि हिंडायला पास हवा. पास नसला की भटक्या म्हणून धरा आणि गोऱ्याच्या शेतावर कामाला लावा. घरी हे वाचून दाखवलं तर बाबा (सासरे, सध्या तीन महिन्यांसाठी इकडे आहेत) म्हणाले, आपल्याकडे पारध्यांना पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची तसंच की. तसंच.

१७ जुलै १८२८ ला बर्कने ५० नंबरचा अध्यादेश काढला. पास रद्द, खोइखोइ आणि इतर मुक्त काळे लोक कायद्याने गोऱ्यांच्या बरोबरीचे, जमीन विकत घेण्याचा आणि बाळगण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत. यामागे स्टॉकेनस्ट्रॉम नावाच्या तिथल्याच अधिकाऱ्याचा आग्रह होता आणि मिशनरी लोकांचा दबाव होता, एकट्या बर्कचं डोकं नाही. पण सही त्याची. पुढच्या वर्षी लंडनने त्यावर कुलूप घातलं, की आमच्या परवानगीशिवाय केपमधल्या कुणी हा बदलायचा नाही.

जमीन बाळगण्याचा हक्क हे शब्द वहीत लाल पेनाने अधोरेखित केलेत. कारण सात वर्षांनी हाच माणूस काय करणार आहे ते मी पुढे वाचून बसलेय.

शनिवार, २३ ऑगस्ट

फटके. मुलांसमोर हे किती सांगायचं यावर नवऱ्याशी अर्धा तास वाद. शेवटी सांगायचं ठरलं, पण आकडे सांगायचे, वर्णन नाही.

डिसेंबर १८३१ मध्ये बर्क सिडनीला उतरला. न्यू साउथ वेल्स म्हणजे तेव्हा कैद्यांची वसाहत, इंग्लंड-आयर्लंडहून आणलेले कैदी मोठमोठ्या जमीनदारांना फुकट मजूर म्हणून वाटलेले, आणि त्यांना शिक्षा देणारे मॅजिस्ट्रेट कोण, तर तेच जमीनदार, फार तर शेजारचा जमीनदार. तू माझ्या माणसाला फटके दे, मी तुझ्या. बर्कने १८३२ च्या कायद्याने एका मॅजिस्ट्रेटला ५० फटक्यांची मर्यादा घातली. यावर हंटर व्हॅलीतल्या जमीनदारांनी केवढा थयथयाट केला, कैदी माजतील, हा आयरिश माणूस चोरांचा मामा वगैरे.

त्यांची एक तक्रार अशी होती की सरकारी नमुन्याचा चाबूक फार हलका आहे, ५० फटक्यांनी काही होत नाही. बर्कने काय केलं, तर अधिकाऱ्यांना सांगितलं की फटके देताना स्वतः उभे राहा आणि प्रत्येकाचं लिहून पाठवा. सप्टेंबर १८३३ च्या त्या याद्या आहेत. सिडनीच्या हाइड पार्क बॅरेक्सचा सुपरिंटेंडंट स्लेड, त्याने एकेका कैद्याच्या नावापुढे लिहिलंय, कितव्या फटक्याला रक्त आलं, ओरडला की गप्प राहिला. एखाद्या ऑडिट रिपोर्टसारखं. गेल्या वर्षी आम्ही त्या बॅरेक्सचं म्युझियम बघून आलो होतो, सुंदर विटांची इमारत, लेकाने अंगणात आइस्क्रीम खाल्लं होतं.

एवढं करून बर्कने फटके बंद केले का? नाही. मोजले आणि मर्यादा घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कासल फोर्ब्स नावाच्या इस्टेटीवर कैद्यांनी बंड केलं, त्यातल्या काहींना फाशी झाली, फाशी बर्कच्याच कारकिर्दीत. चौकशीही त्याने लावली, प्लंकेट नावाचा आयरिश कॅथलिक वकील तिच्यावर नेमला, इस्टेटीचा मालक म्यूडी इतका पिसाळला की इंग्लंडला जाऊन बर्कविरुद्ध अख्खं पुस्तक छापलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज हरतालिका, उद्या गणपती, घरात मखराचं थर्माकोल नाही यावरून (इकडे कार्डबोर्डचंच करतो) रणकंदन आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून हे लिहितेय कारण तारीखच अशी आहे. २६ ऑगस्ट १८३५. बरोबर १९० वर्षं.

गोष्ट अशी. जून १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाचा माणूस तास्मानियाहून, तेव्हाच्या व्हॅन डीमन्स लँडहून, एका कंपनीतर्फे इथे यारा नदीच्या परिसरात आला. इथे वुरुंजेरी लोक, कुलिन समूहातले. त्यांच्यातल्या आठ प्रमुखांबरोबर त्याने लेखी करार केला, दोन दस्त, मिळून सहा लाख एकर. मोबदला म्हणून मोठ्या दस्तात २० जोड ब्लँकेट, ३० कुऱ्हाडी, १०० चाकू, ५० कात्र्या, ३० आरसे, २०० हातरुमाल, १०० पौंड पीठ, ६ शर्ट. वर दरवर्षी भाडं म्हणून आणखी ब्लँकेट, कपडे आणि पाच टन पीठ वगैरे. सहा लाख एकर म्हणजे साधारण २,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे चार बृहन्मुंबई.

बाबा मोदकाच्या सारणासाठी नारळ खवत होते, ते थांबले. बाबा निवृत्त तलाठी. अठ्ठावीस वर्षं संगमनेर तालुक्यात काढलेली. पहिला प्रश्न, चतुःसीमा काय लिहिल्यात? मी म्हटलं झाडांवर खुणा केल्यात असं लिहिलंय. आणि समोरच्यांना लिहिता येतं? म्हटलं नाही, खुणा केल्यात. बाबा म्हणाले, मग हे खरेदीखत नाही, हा कागद आहे.

बरोबर आहे. आणि दुसरी बाजू अशी की कुलिन लोकांना तो करार बहुधा खरेदी वाटलाच नसावा असं आता बरेच अभ्यासक म्हणतात. त्यांच्याकडे टँडरम नावाचा विधी होता, परक्या माणसाला आपल्या भूमीत काही काळ राहायची, शिकार करायची, पाणी प्यायची परवानगी देण्याचा. पाहुण्याने भेटी द्यायच्या, यजमानाने मुभा द्यायची. म्हणजे एकाच दिवशी एकाच झाडाखाली एका बाजूला पाहुणचार चालू होता आणि दुसऱ्या बाजूला रजिस्ट्री.

आता बर्कची एन्ट्री. हा भागही तेव्हा न्यू साउथ वेल्समध्येच, म्हणून सिडनीहून घोषणा, आदिवासींबरोबर केलेला असा कुठलाही करार, सौदा, व्यवहार सरकारच्या, म्हणजे राजाच्या, हक्कापुढे शून्य, आणि राजाच्या परवानगीशिवाय तिथे बसलेला माणूस अतिक्रमण करणारा. खाली सही रिचर्ड बर्क.

मला आधी वाटलं होतं की चला, बॅटमन ठग होता, बर्कने ठगाला अडवलं, चांगलंच की. बाबांनी दोन मिनिटांत पाणी ओतलं. ते म्हणाले, 'अगं, करार रद्द केला ते ठीक. पण करार रद्द झाला की जमीन कुणाच्या नावावर जाते? मूळ मालकाच्या. इथे मूळ मालकाचं नावच लावलं नाही. आधी सगळी जमीन सरकारी पड म्हणून चढवली आणि मग म्हणतायत की सरकारी पड तुम्ही आपापसात विकलीच कशी. म्हणजे घेणाऱ्याला काढलं नाही, देणाऱ्याला काढलं.'

मी हे शब्द तसेच्या तसे लिहून घेतले. बॅटमनच्या कराराबद्दल मी दोन आठवडे वाचतेय आणि इतकं सरळ कुठे सापडलं नव्हतं. केपमध्ये खोइखोइ माणसाला जमीन बाळगायचा हक्क आहे असं लिहिणारा तोच हात. तिथे जमीन आधीच गोऱ्यांच्या नावावर झालेली होती, त्यामुळे हक्क द्यायला फार काही पडलं नाही. इथे जमीन अजून नावावर व्हायची होती.

नारळ खवून झाला होता, उकड करपली.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, घर सुनं सुनं. कामाला परत.

घोषणेने कुणी थांबलं नाही हे लिहायचं राहिलं होतं. मेंढ्या घेऊन लोक येतच राहिले. मे १८३६ मध्ये सरकारी माणूस मोजायला आला तेव्हा इथे १७७ गोरे आणि २६,५०० मेंढ्या. बर्कने लंडनला स्पष्ट लिहिलं की या लोकांना रोखणं शक्य नाही, मग निदान कायद्यात बसवून पैसे तरी घ्या. सप्टेंबर १८३६ मध्ये लॉन्सडेल नावाचा कॅप्टन इथे मॅजिस्ट्रेट म्हणून आला. हद्दीबाहेर मेंढ्या चारणाऱ्यांना वर्षाला १० पौंडांचं लायसन्स लागू झालं, कितीही मेंढ्या, कितीही जमीन, १० पौंड. बाबांची कॉमेंट: 'अतिक्रमण नियमित केलं. एकसाली लावली.' (एकसाली म्हणजे वर्षाच्या बोलीने दिलेली सरकारी जमीन.) त्यांना आता मजा यायला लागलीय, सकाळी चहाबरोबर विचारतात, काय म्हणतो बर्क?

आज बाबा, लेक आणि मी रस्ता मोजायला गेलो. मार्च १८३७ मध्ये बर्क स्वतः रॅटलस्नेक जहाजातून इथे आला, वस्तीला ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या नावावरून मेलबर्न नाव दिलं, आणि सर्व्हेअर हॉडलला रस्ते आखायला लावले. हॉडलला रस्ते ९९ फूट रुंद हवे होते, बर्कचं म्हणणं ६६ पुरे. भांडण नको म्हणून तोड अशी निघाली की मोठे रस्ते ९९ फुटी होऊ देत पण दर दोन मोठ्या रस्त्यांमध्ये एक बारका रस्ता टाकायचा, ३३ फुटी, गाड्यांना मागच्या दाराने जायला. तेच आजचे लिटल बर्क स्ट्रीट, लिटल कॉलिन्स स्ट्रीट. मागच्या दाराची सोय म्हणून ठेवलेल्या लिटल बर्क स्ट्रीटवर आज चायनाटाउन आहे.

तर लेकाने टेप धरली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, लिटल बर्क स्ट्रीट, १० मीटरला थोडं जास्त. बाबा म्हणाले फुटात सांग. तेहतीस. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, मागून डिलिव्हरीची सायकल येतेय, आणि म्हणतात, 'ही तर आपली साखळी! तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा!'

खरंच की. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. हॉडलने वापरली ती इंग्रजी साखळी ६६ फुटांची, आपल्याकडे मोजणीला तिचीच अर्धी, ३३ फुटी, सोळा आण्यांची. हीच मापं घेऊन इंग्रज तिकडे दख्खनमध्येही मोजत होते. म्हणजे लिटल बर्क स्ट्रीटचा एक चौकोनी तुकडा बरोबर एक गुंठा, आणि मोठा बर्क स्ट्रीट तीन गुंठे रुंद म्हणायला हरकत नाही. १ जून १८३७ ला पहिला लिलाव झाला तेव्हाचे प्लॉट अर्ध्या एकराचे, म्हणजे वीस गुंठे. हे मी फेरीत पहिल्या पाच मिनिटांत सांगणार, आजोबा मंडळी इथेच खिशात.

परत येताना बाबा ट्राममध्ये एकदम शांत होते. मग म्हणाले, मी पण साखळी धरलीय गं, धरणग्रस्तांच्या जमिनींवर. त्यावर मी काही बोलले नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

काय काय कापायचं याची यादी. दीड तासात सगळं बसत नाही आणि आजींना दर वीस मिनिटांनी बसायला बाक लागणार.

चर्च अ‍ॅक्ट, १८३६. हे थोडक्यात ठेवतेय. १८३३ मध्ये बर्कने लंडनला हिशोबच लिहून पाठवला होता, सरकारी तिजोरीतून इंग्लंडच्या चर्चला साडेअकरा हजार पौंड, कॅथलिकांना दीड हजार, स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांना सहाशे. बर्क स्वतः अँग्लिकन, पण आयर्लंडमध्ये बहुसंख्य कॅथलिक शेतकऱ्यांकडून अँग्लिकन चर्चसाठी वसुली होताना त्याने बघितलेली, त्यातून काय आग लागते तेही बघितलेलं. म्हणून मदत सगळ्यांना सारख्या नियमाने. शाळांचंही आयरिश धर्तीवर करायला गेला, सगळ्या पंथांची मुलं एकत्र, ते मात्र बिशप ब्रॉटन आणि मंडळींनी हाणून पाडलं.

जावई. हे ठेवायचंय कारण लोकांना आवडतं. मुलगी ॲन मरायाचं लग्न १८३३ मध्ये डीस थॉमसन नावाच्या अधिकाऱ्याशी झालं आणि १८३७ च्या सुरुवातीला तेच जावईबापू कलोनियल सेक्रेटरी. मुलगा प्रायव्हेट सेक्रेटरी. विरोधक बोंबलले, आणि माझ्या मते त्यात त्यांचं फारसं काही चुकलं नाही.

राजीनामा. रिडेल नावाच्या खजिनदाराशी वाजलं, लंडनने रिडेलला कौन्सिलवर परत घ्यायला सांगितलं, बर्कने राजीनामा फेकला. डिसेंबर १८३७ मध्ये निघून गेला. पुढे जमैकाचं गव्हर्नरपद आणि हिंदुस्थानच्या सैन्याचं सरसेनापतीपद विचारलं होतं, दोन्हीला नाही म्हणाला आणि लिमरिकला शेतावर राहिला. १८५५ च्या ऑगस्टमध्ये थॉर्नफील्डलाच गेला.

एलिझाबेथ. सिडनीला आल्यावर सहा महिन्यांच्या आत, मे १८३२ मध्ये, बायको वारली. पॅरामॅटाला पुरलंय. मेलबर्नचा एलिझाबेथ स्ट्रीट तिच्या नावावरून की राणीच्या, दोन मतं आहेत, मी दोन्ही सांगणार. तो रस्ता बर्क स्ट्रीटला काटकोनात छेदतो, जुन्या पोस्टाच्या इमारतीपाशी, आणि त्याच्या खालून पूर्वीचा ओढा वाहायचा, त्यामुळे मोठ्या पावसात तिथे पाणी भरायचं. फेरीची सुरुवात याराकाठी जुन्या कस्टम हाउससमोर, पहिला बाक याच कोपऱ्यावर.

बर्क गाव. लांब तिकडे न्यू साउथ वेल्सच्या आत बर्क नावाचं गाव आहे, सर्व्हेअर मिचेलने १८३५ मध्ये तिथे लाकडी गढी बांधून गव्हर्नरचं नाव दिलं. ऑस्ट्रेलियन लोक अगदी आडगावाला 'बर्कच्याही पलीकडे' म्हणतात. आणि हे गाव कुठल्या नदीवर? डार्लिंग नदीवर. डार्लिंग म्हणजे बर्कच्या आधीचा कडक गव्हर्नर, ज्याच्या गोटातल्या लोकांनी बर्कला सहा वर्षं छळलं. आता दोघं कायमचे शेजारी.

धांगर. बर्कच्या शेवटच्या वर्षात कैदी कमी पडणार म्हणून काही जमीनदारांनी कलकत्त्याहून मजूर आणायचा घाट घातला, त्यांना कागदोपत्री 'धांगर' म्हटलंय. आपले धनगर नव्हेत, छोटा नागपूरकडचे आदिवासी मजूर. मेंढ्या राखायलाच आणले त्यामुळे आपल्याकडचा कुणीही वाचेल तो फसेल. कापायचं होतं, बाबा म्हणाले ठेव.

मंगळवार, २३ सप्टेंबर

रात्री उशिरा एक सापडलं आणि झोप उडाली. १८३७ च्या भेटीत बर्कबरोबर दुभाष्या म्हणून विल्यम बकली होता. बकली म्हणजे १८०३ मध्ये पळालेला कैदी, ३२ वर्षं वाडावुरुंग लोकांत राहिलेला, इंग्रजी जवळजवळ विसरलेला. आणि पळण्याआधी हा कोण होता, तर सैनिक, १७९९ च्या हॉलंडच्याच मोहिमेत हाताला जखम झालेला. म्हणजे एकाच मोहिमेत एकाचा जबडा आणि एकाचा हात जखमी झाला, आणि ३८ वर्षांनी दोघं यारा नदीच्या काठावर, एक गव्हर्नर, एक दुभाष्या. हे त्यांनी एकमेकांना सांगितलं असेल का, मला नुसती कल्पना करून मजा येतेय.

दुसरं, बर्कला आणणाऱ्या रॅटलस्नेकचा कप्तान विल्यम हॉब्सन. हाही आयरिश, वॉटरफर्डचा. आपल्या पश्चिम उपनगरांना लागून जो हॉब्सन्स बे आहे तो याच्याच नावाचा. याने तीनच वर्षांनी, ६ फेब्रुवारी १८४० ला, न्यूझीलंडमध्ये माओरी प्रमुखांशी वाइतांगीचा करार केला, राजसत्तेच्या वतीने. एका जहाजावर दोन आयरिश माणसं, एकाने म्हटलं इथल्या मूळ लोकांशी करार होऊच शकत नाही, दुसऱ्याने जाऊन केला. वाइतांगीचं पुढे काय झालं ती वेगळी रड, पण निदान भांडायला कागद आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

रंगीत तालीम. काल फुटबॉलची फायनल होती, सिटी अजून झिंगलेली. १ तास ५० मिनिटं लागली, २० मिनिटं कापायला हवीत. स्पेन पूर्ण गेलं. उसना आणलेला छोटा स्पीकर ट्रामच्या आवाजात काही कामाचा नाही, गल्लीत उभं राहून बोलायचं.

रविवार, ५ ऑक्टोबर

झाली फेरी! पण आज घड्याळं एक तास पुढे गेली हे मीच दहा वेळा ग्रुपवर टाकूनसुद्धा दोन आजोबा मनगटावरचं घड्याळ बघून तासाभराने आले, एक तर म्हणे माझं एचएमटी चुकत नाही. त्यांना जुन्या पोस्टाच्या कोपऱ्यावर गाठलं.

२७ माणसं. चार बर्कांची टोपणनावं मुलांनी लगेच उचलली, कुणी मध्येच 'कुठला बर्क?' ओरडायचं आणि बाकीचे उत्तर द्यायचे. जबड्याची गोष्ट चालली. फटक्यांच्या याद्यांना शांतता. गुंठ्याला टाळ्या, अगदी अपेक्षेप्रमाणे.

घोषणेचा भाग बाबांनी सांगितला. मी ऐनवेळी त्यांच्या हातात कागद दिला आणि मागे सरकले. त्यांनी बर्क-बिर्क काही न म्हणता सरळ सुरुवात केली, समजा तुमच्या गावची जमीन आहे. फेरफार धरायचा तर तलाठ्याला सगळ्या हितसंबंधितांना नोटीस काढावी लागते, पंधरा दिवस हरकतीला द्यावे लागतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. इथे घोषणा इंग्रजीत छापली. मग पोरांना विचारलं, आता सांगा, हरकत कोण घेणार? एक मुलगी म्हणाली, पण त्यांना तर वाचताच येत नव्हतं ते. बाबा म्हणाले, हां.

एका काकूंनी नंतर विचारलं की मग हा माणूस चांगला की वाईट, नातीला काय सांगू. मी म्हटलं काकू, केपचं पण सांगा आणि हे पण सांगा. त्या फारशा खूश दिसल्या नाहीत. शिवाय एक जण म्हणाले की परदेशात राहून त्यांच्याच गव्हर्नरला कशाला नावं ठेवायची. सिडनीत लोकांनी वर्गणी काढून त्याचा पुतळा उभारला, १८४२ मध्ये, ऑस्ट्रेलियातला पहिला सार्वजनिक पुतळा, हे मी मुद्दाम सांगितलं होतं, पण ते तेव्हा दुकानाच्या काचेत बघत होते.

स्प्रिंग स्ट्रीटला पार्लमेंटच्या पायऱ्यांवर बसून पोळीचे रोल खाल्ले. तिथून खाली बघितलं की अख्खा बर्क स्ट्रीट सरळ उतरताना दिसतो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आवराआवर. स्पीकर परत दिला. हँडआउटमध्ये सुधारणा: रॅटलस्नेकचं साल एका ठिकाणी १८३६ पडलंय ते १८३७ करायचं, सहा लाख एकरसमोर 'दोन दस्त मिळून' घालायचं. नोव्हेंबरात दुसऱ्या बॅचला दुसरं कुणीतरी नेणार आहे, म्हणून ऑडिओ करून ठेवतेय, एकूण नऊ तुकडे.

बाबा १९ तारखेला परत चाललेत, त्यामुळे फेरफाराचा तुकडा त्यांच्याच आवाजात करायला काल संध्याकाळी परत सिटीत गेलो, लिटल बर्क स्ट्रीटच्या तोंडाशी. तीन टेक झाले. तिसऱ्यात त्यांनी नवीनच एक वाक्य घातलं, 'आठ जणांनी खुणा केल्या, त्यांच्यापैकी एकाचंही नाव सरकारी कागदावर कब्जेदार म्हणून लागलं नाही.' चार मिनिटं अकरा सेकंद. मागे ट्रामची घंटा येते, ती तशीच ठेवली.